गावकरचे मोजे

एखाद्या माणसाबरोबर वर्षानुवर्षं एकाच बसमधून कामाला जावं, दर शुक्रवारी त्याला घरी जेवायला बोलवावं, त्याच्या घोरण्यापासून रक्तदाबाच्या गोळ्यांपर्यंत सगळं आपल्याला ठाऊक असावं, आणि त्याचे पाय मात्र आपण कधी पाहिलेले नसावेत, असं होतं का? गावकरच्या बाबतीत ते झालं होतं. कुवेतमधल्या फहाहीलच्या आमच्या फ्लॅटच्या दारात तो बूट काढायचा, पण मोजे पायातच. नुसते मोजे नव्हेत, खिशातून पातळ सपाता काढून त्या मोज्यांवर चढवायचा आणि मगच उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचा. माझ्या बायकोला, नीताला, आधी वाटलं की बिचाऱ्याला पायाला काहीतरी कातडीचं दुखणं असेल. मग वाटलं की आपल्याला फरशी नीट पुसता येत नाही असं तो सुचवतोय, आणि दोन शुक्रवार ती त्याच्याशी तुटक वागली.

रुमैथियाला आमच्या एका मित्राकडे दीड दिवसाचा गणपती बसतो. दारं-खिडक्या लावून, टाळ्या हळू वाजवून आम्ही आरती म्हणतो. सगळे अनवाणी, गावकर मोज्यांत. "गावकर, देवाला थंडी वाजत नाही, तुलाच कशी वाजते?" असं कुणीतरी विचारलं तेव्हा तो हसला, पण मोजे काढले नाहीत. आरतीत त्याचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा हे मात्र खरं.

तो आवाज हीच त्याची ओळख होती. आमच्या कारखान्यात तो मेंटेनन्सचा सुपरवायझर. कॉम्प्रेसरच्या शेजारी उभं राहिलं की स्वतःचा खोकला स्वतःला ऐकू येत नाही, तिथून गावकर ओरडला की पलीकडच्या पाइपांवर चढलेला बंगाली फिटर मान वळवायचा. निम्म्या वेळा तो एकच शब्द ओरडायचा, "बूट!" कुणाच्या बुटाची नाडी सुटलेली असो की कुणी जेवणाच्या सुट्टीत पाय मोकळे करायला बूट काढून बसलेला असो, गावकरच्या नजरेतून सुटायचा नाही. मोठा पाहुणा चपला घालून आला तर त्यालाही फाटकातून परत. आम्ही म्हणायचो, याला पुढच्या जन्मी चांभार करा.

तो घाबरट होता असं मात्र कुणी म्हणू नये. एकदा भर दुपारी गॅसचा भोंगा झाला. अशा वेळी वाऱ्याच्या आडव्या दिशेने चालत निघायचं, पळायचं नाही, हे सगळ्यांना पाठ असतं आणि भोंगा झाला की सगळे पळतात. मीही पळालो. गावकर मात्र मागे राहून एकेकाच्या खांद्याला धरून त्याला वाऱ्याच्या आडवं वळवत होता, जणू लग्नाच्या पंगतीला माणसं बसवतोय. सगळ्यात शेवटी तो चालत बाहेर आला. आम्ही फाटकापाशी धापा टाकत होतो. त्याला कोणी पाणी दिलं, कोणी पाठ थोपटली. आणि एवढ्यात फाटकावरच्या कपाटात त्याचा मोबाइल वाजला.

आमच्याकडे मोबाइल आत न्यायला बंदी आहे. एक ठिणगी पुरते. फाटकावर लहान लहान कप्पे आहेत, त्यात तो ठेवायचा आणि संध्याकाळी घेऊन जायचा. गावकर जास्तीचं काम मागून घ्यायचा, सुट्टीच्या दिवशीही आत जायला तयार असायचा, त्याचं कारण मला उशिरा कळलं. आत फोन नव्हता. त्या दिवशी कप्प्यातला तो आवाज ऐकून, आत्ताच विषारी वायूतून चालत आलेला हा माणूस पांढराफटक पडला. हात पुढे करेना. शेजारी उभ्या असलेल्या मला म्हणाला, "देवरेनू, कोणाचो तो, जरा बघा मां."

मी उचलला. गावाहून त्याच्या बायकोचा फोन होता. आंबे उतरवायला माणसं मिळत नाहीत असं काहीतरी म्हणत होती. "सगळं बरं आहे, आंब्यांचं विचारतायत," असं सांगून मी फोन त्याच्या हातात दिला, तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

हे नेहमीचंच होतं. गावाकडचा फोन तो पहिल्यांदा स्वतः कधी घ्यायचा नाही. जवळ जो कोणी असेल त्याच्या हातात द्यायचा, मल्याळी असो, इजिप्शियन असो. एकदा बसच्या पठाण ड्रायव्हरने त्याच्या बायकोशी हिंदीत हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि "सब खैरियत" म्हणून फोन मागे पाठवला. आम्ही पोट धरून हसलो. गावकरही हसला. पण "सब खैरियत" ऐकल्यानंतर.

त्याचा उलगडा पिठल्यामुळे झाला. आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका सहकाऱ्याची आई तिकडे पुण्याला वारली. तो विमानाची वाट बघत घरात बसलेला, आणि नीताने रीतीप्रमाणे पिठलं-भात करून त्याच्याकडे पाठवला. त्या शुक्रवारी गावकर जेवायला आला होता. डबा भरला जात असताना त्याने विचारलं, "तुमच्यात मयताच्या घराक पिठला-भात धाडतत?"

"हो, त्यांच्या घरी चूल पेटत नाही ना. शेजाऱ्यांनी द्यायचा असतो," नीता म्हणाली.

"असा काय?" एवढंच तो म्हणाला. त्यानंतर आमच्याकडे कधी पिठलं दिसलं की ताटावर हात आडवा धरायचा. "वयनी, माका पिठला नको हां. दुसरा काय्येक घाला." शेवटी मी चिडून विचारलं की बाबा रे, तुझं हे काय काय आहे ते एकदा सांगून टाक. माझी मुलगी मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "येस अंकल, प्लीज." आणि गावकरने सांगितलं.

गावकरचे वडील त्यांच्या गावचे पहिले मानकरी. देवळात पहिला नारळ त्यांचा, देवाला गाऱ्हाणं त्यांनी घालायचं, होळीला पहिला हात त्यांचा. सरपंच निवडणुकीतून येतात आणि जातात, ग्रामपंचायतीत संगणक आलाय, पण कुणाच्या बांधाचं भांडण असो की विहिरीची जागा, शेवटचा शब्द डोक्यावर फेटा असलेल्या या म्हाताऱ्याचा. असा मानकरी गेला की सगळं गाव सुतकात जातं. देवळातल्या ढोलाच्या दोऱ्या सैल करतात. कोणाच्याच घरी चूल पेटत नाही. आणि कोणी रडायचं नाही. वारस वेशीवर येईपर्यंत घरच्या बायकांनीसुद्धा डोळ्याला पदर लावायचा नाही. वारसाला बोलावणं जातं ते "देवळाचं काम आहे" एवढंच. वेशीवर गावातला सगळ्यात म्हातारा माणूस त्याला सामोरा जातो आणि तोंडाने सांगतो की तुझा बाप गेला. तिथे वारस पायातलं काढतो, अनवाणी घरापर्यंत चालतो, आणि मग सगळं गाव एकदम रडतं. फेटा बांधेपर्यंत त्याने पायात काही घालायचं नाही. आणि एरवी, बाप जिवंत असताना, त्याने कुणासमोर अनवाणी दिसायचं नाही.

"आणि वेशीच्या आधी कळलं तर?" मी विचारलं.

आजोबा गेले तेव्हा त्याच्या मोठ्या काकांना कळलं होतं. ते वास्कोला बंदरात कामाला होते. गावातल्याच एका भल्या माणसाने बाजारात गाठून गळ्यात पडून सांगितलं. जिथे कळलं तिथेच पायातलं काढायचं, म्हणून काकांनी भर बाजारात चपला काढल्या आणि तसेच गावाकडे निघाले. फेटा बांधला, सगळं यथासांग झालं. पण गावातली जुनी माणसं कुजबुजत राहिली की शोक वेशीबाहेर बसला, तो आता आत येणार नाही, माणसालाच बाहेर नेणार. बापाचं वर्षश्राद्ध घालायला काका राहिले नाहीत. साध्या तापाने गेले. फेटा धाकट्या भावाच्या, म्हणजे गावकरच्या वडिलांच्या डोक्यावर आला.

मी इंजिनिअर माणूस. म्हटलं, "अरे, ताप तो ताप. आणि 'देवळाचं काम आहे' म्हटलं की वारसाला कळतच असणार की. मग लपवालपवी कशाला?"

गावकर माझ्याकडे एखाद्या पोराकडे बघावं तसं बघत राहिला. "कळना येगळा नि आयकना येगळा, देवरेनू. कोण तोंडान सांगना नाय, खुणेन दाखवना नाय, तोपर्यंत बापूस जितो. मनात काय येता ता मनात. मनाक कोण विचारता?" मग त्याने आपल्या सपातांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "माका भिती वाटता. हसा तुम्ही. पण माका भिती वाटता."

त्या दिवशी कोणी हसलं नाही. त्याचा तो मोठा आवाज एवढा लहान झालेला मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तेव्हापासून बसमध्ये त्याचा फोन वाजला की मीच आधी हात पुढे करायचो.

आणि तो फोन आला तेव्हा मीच शेजारी होतो. सकाळी बसमधून उतरून फाटकाकडे चाललो होतो. फोन वाजला, त्याने सवयीने माझ्या हातात दिला आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

"भावजीनू, ते जवळ आसत?" त्याची बायको. आवाज इतका कोरडा की मी ओळखलाच नाही. "देवळाचा काम निघाला म्हणान सांगा. तेंका आजच्या आज धाडून देवा. दुसरा काय सांगू नकात. हयसर कोण रडूक नाय. ते येयसर कोण रडाचा नाय." आणि तिच्या मागे पूर्ण शांतता होती. माणसांनी भरलेल्या घरातली शांतता ओळखू येते.

मी "बरं" म्हणालो. गावकर नाडी बांधून उठत होता. मी म्हणालो, "देवळाचं काम निघालंय म्हणे. तू लागतोस." त्याने मान हलवली. एरवी मी फोन त्याला परत द्यायचो. त्या दिवशी माझ्या खिशात टाकला, आणि त्याने मागितला नाही.

पुढचे काही तास मी माणसांची तोंडं बंद करत फिरलो. आपल्या माणसांचा उत्साह मला ठाऊक आहे. कोणाकडे काही झालं की घरच्यांच्या आधी ग्रुपवर फोटो येतो, त्याखाली फुलं, समया, आणि "भावपूर्ण श्रद्धांजली"ची रांग लागते. गावातल्या कुणा पुतण्याने काही टाकलं की कुवेतच्या मराठी ग्रुपवर ते यायला चहा पिण्याइतकाही वेळ लागला नसता. मी एकेकाला फोन करून हात जोडले. समोर आलात तर बोलू नका, मिठी मारू नका, तोंड पाडू नका. मिरकाबला राहणारे आमचे एक ज्येष्ठ म्हणाले, "पण त्याला धीर द्यायला नको का?" म्हटलं, काका, न देणं हाच धीर आहे.

रजेसाठी आणि देश सोडायच्या परवानगीसाठी मॅनेजर अबू फहद यांना खरं सांगावंच लागलं. कुवेती माणूस. यांच्यात सांत्वनाला जाणं म्हणजे कर्तव्य. कोणाकडे मयत झालं की तीन दिवस दिवाणखाने उघडे, सगळं शहर येऊन हात हातात घेऊन जातं. मी सगळी रीत समजावली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "म्हणजे मी काही बोलायचं नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काहीच नाही. "आमच्या आजोबांच्या वेळी वाळवंटात अशी बातमी आणणारा माणूस दूर उंटावरच बसून राहायचा," ते म्हणाले, "उतरायचा नाही. त्याला बघूनच भीती वाटायची." परवानगी त्यांनी उभ्याउभ्या करून दिली.

पण ते फाटकावर आले. एवढा मोठा मॅनेजर, स्वतः, उन्हात. गावकर खोलीवरून बॅग आणून परवानगीच्या कागदासाठी उभा होता. अबू फहदनी त्याचा हात हातात घेतला, आणि घेतलाच. सोडेनात. ओठ हलले, पुन्हा मिटले. शेवटी मोडक्या हिंदीत म्हणाले, "गौकर, घर जाओ. अच्छा से जाओ." आणि वळून भराभर निघून गेले. गावकर त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. मी घाईघाईने म्हणालो, "चांगला माणूस आहे." तो म्हणाला, "हां."

विमान दुपारचं होतं. नीता आमच्या इमारतीच्या खाली डबा घेऊन उभी होती. तिलाही मी दहा वेळा बजावलं होतं की चेहरा हसरा ठेव. तिने ठेवला. "प्रवासात बाहेरचं खाऊ नका, भावोजी," एवढंच म्हणाली आणि डबा त्याच्या मांडीवर ठेवला. आम्ही निघालो. रस्ताभर मी बोलत होतो. पेट्रोलचा भाव, नवा पूल, मुलीच्या परीक्षा. एरवी ज्याच्या आवाजापुढे माझं कधी काही चाललं नाही तो गावकर खिडकीबाहेर बघत होता. माझ्या खिशात त्याचा फोन सारखा थरथरत होता.

विमानतळावर वेळ होता. एका बाकावर बसलो. "जेवून घेतंय," असं म्हणून त्याने डबा उघडला.

वरच्या कप्प्यात भात होता. खालच्यात पिठलं.

नीताने मुद्दाम केलं नव्हतं. तिला ते सुचलंही नव्हतं. घरात कोणी गेलंय, त्या घरचं माणूस आपल्या दारावरून जाणार आहे, तर तिच्या आईचे, आजीचे हात जे करत आले ते तिचे हात करून मोकळे झाले. तोंडाला मी कुलूप घातलं होतं, हातांना घालायचं राहिलं. मी डबा त्याच्या हातातून काढून घ्यायला पुढे झालो, आणि तिथेच थांबलो, कारण काढून घेतला असता तर तेही सांगण्यासारखंच झालं असतं.

गावकरने खालचा कप्पा जवळ ओढून घेतला. मग म्हणाला, "वयनीनी केल्यानी?"

"हो."

"बरा झाला." त्याने पिठलं भातावर घेतलं आणि सावकाश कालवलं. एक शीतही खाली पडलं नाही. सगळं संपवलं. डबा धुऊन आणला, पुसला, झाकण लावून माझ्या हातात दिला. त्याच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. फक्त ओठांभोवतीची कातडी राखेच्या रंगाची झाली होती. मी खिशातून फोन काढला तर म्हणाला, "तो तुमच्याकडेच रवांदे. आणि देवरेनू, वयनीक काय बोलू नकात. तिणा जेवाक घातल्यान, दुसरा काय नाय."

मी अजून नीताला बोललेलो नाही.

तो गावी पोचला. वेशीवर म्हातारा सामोरा आला, त्याने सांगितलं, गावकरने ऐकलं, सगळं गाव रडलं. फेटा बांधला. नोकरीचा राजीनामा त्याने तिकडूनच पाठवला. त्याची बायको कधीमधी फोनवर बोलते. सगळं नीट झालं, देवाच्या मनासारखं झालं, असं गाव म्हणतं, असं ती सांगते. वेशीच्या आधी काय झालं ते गावात कुणाला ठाऊक नाही. ते त्याला ठाऊक आहे आणि मला. त्याच्या वडिलांचं वर्षश्राद्ध अजून व्हायचंय. गेल्या आठवड्यात ती सहज म्हणाली की त्यांना अंगात जरा कसर वाटते, पावसात भिजले असतील. मी इंजिनिअर आहे, ताप तो ताप हे मला समजतं. तरी त्या दिवसापासून गावाकडचा नंबर दिसला की मी फोन नीताच्या हातात देतो. ती हसते. "तुम्हाला पण गावकर भावोजींची सवय लागली," म्हणते.

त्या दुपारी त्याने माझा निरोप घेतला आणि तो तपासणीकडे गेला. मी काचेच्या अलीकडे उभा राहिलो. सगळ्यांप्रमाणे त्यानेही पट्टा काढला, बूट काढले, ट्रेमध्ये ठेवले. मग तो थांबला. पुढच्या माणसाने मोजे काढले नव्हते, मागच्या माणसाने काढले नव्हते, कोणी सांगितलंही नव्हतं. गावकर वाकला आणि त्याने एक मोजा काढला, मग दुसरा. दोन्हींची घडी करून बुटांत ठेवली. पलीकडे ट्रे बाहेर आला तेव्हा लोक उभ्याउभ्या बूट चढवत होते. त्याने पट्टा बांधला, बॅग खांद्याला लावली आणि बूट हातात घेतले. त्याचे पाय मी तेव्हा पाहिले. फिकट, सुरकुतलेले, ऊन न पाहिलेले पाय. त्या चकचकीत गार फरशीवर ते एकेक जपून पडत होते, अनवाणी चालायची सवय नसलेल्या माणसाचे पडतात तसे. त्याने वळून पाहिलं नाही. तो तसाच चालत आत गेला.